अणूचा सव्वा महिना

उमरगा,
१२ नोव्हेंबर १९८५

विहीणबाई बनाबाई धावारे यांना भिमाबाई सरवदे हिचा जयभीम.

आम्ही बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते, म्हणजे लगेच मुद्द्यावर येता येईल. सुमनला सातवा लागला. पहिलं बाळंतपण आईच्या घरी, हे मी तुम्हाला शिकवायला नको. मी चौथीच्या वर्गाला शिकवते, तुम्हाला नाही. तरी या विषयावर माझी दोन पत्रं गेली आणि दोन्हींना तुमचं उत्तर एकच, ‘हंगाम सुरू होऊ द्या, मग नेते.’ ढोकीचा साखर कारखाना सुरू झाला तर व्याह्यांना वजनकाट्यावर बसावं लागतं, हे मला कळतं. तुम्ही काय कारखान्याच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायला जाणार आहात?

आणखी एक मनात आहे, तेही लिहून टाकते. धम्मचक्र दिनाला तुम्ही आमच्याकडे आलात, तेव्हा एस.टी. स्टँडपासून माझ्या घरापर्यंत तीनदा बसलात. एकदा नबीलालच्या सायकल दुकानाच्या फळीवर, एकदा बँकेच्या पायरीवर आणि एकदा आमच्याच बोळाच्या तोंडाशी, हापशापाशी. माझ्या वर्गातली पोरं ती वाट एका दमात पळतात. घरी आल्यावर तुमची पोटुशी लेक घागर उचलत होती आणि तुम्ही भिंतीला टेकून नुसत्या बघत होतात. मी तेव्हा काही बोलले नाही. मी सहसा बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तर सुमनला कधी नेता ते तारखेसकट कळवा.

भिमाबाई


ढोकी,
२१ नोव्हेंबर १९८५

भिमाबाई यांना बनाबाईचा जयभीम.

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही सहसा बोलत नाही हे वाचून सुमनच्या वडलांना ठसका लागला, ते अजून पाणी पितायत. आणि पाणी इथं जपून प्यावं लागतंय. विहिरी आटल्या, टँकर एक दिवसाआड येतो आणि आला की बाया हंडे घेऊन अशा धावतात की ड्रायव्हर खाली उतरायला भितो.

मी तीनदा बसले ते खरं आहे. नबीलालभाईंची फळी सावलीत होती. बँकेची पायरी गार होती. हापशापाशी एक बाई ओळखीची वाटली म्हणून बसले, ती ओळखीची निघाली नाही, मग ओळख करून घ्यावी लागली. आमच्याकडं माणूस भेटलं की बसायची रीत आहे.

थोडा दमा आहे म्हणतात. अडुळशाचा काढा चालू आहे. दोन वर्षांमागं उसाच्या गाडीवरून पडून पाय मोडला, तीन महिने प्लास्टरात पडून होते, तेव्हापासून अंगाची सवयच मोडली असं इथले डॉक्टर म्हणतात. सुमनला यातलं काही सांगू नका. ती दुसऱ्या जिवाची आहे, रात्रंदिवस माझाच घोर लावून घेईल. जानेवारीत मी स्वतः येऊन तिला आणते.

लेकीचं पहिलं बाळंतपण करायचं नाही असं कुठल्या आईला वाटेल? एवढं तरी माझं खरं माना.

बनाबाई


उमरगा,
३० नोव्हेंबर १९८५

बनाबाई, जयभीम.

दमा माझ्या थोरल्या बहिणीला होता. ती आमच्या ओसरीवर निजली की तिची छाती पेटीसारखी वाजायची आणि शेजारचे तक्रार करायचे. तुम्ही दोन दिवस माझ्याकडे होतात, तुमची छाती एकदाही वाजली नाही. उगीच दम्याचं नाव पुढे करू नका. पुढचं निमित्त जरा विचार करून कळवा.

सुमनला मी काही सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे काय?

भिमाबाई


घाटकोपर, मुंबई,
५ डिसेंबर १९८५

भिमाबाई, जयभीम.

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचं म्हणून आम्ही दोघं इकडं आलो. पुतण्याकडं उतरलोय. गर्दी पुष्कळ आहे. चार-सहा दिवस राहून परत जाऊ. सुमनला जपा, तिला घागर उचलू देऊ नका.

बनाबाई


उमरगा,
११ डिसेंबर १९८५

बनाबाई,

कार्ड मिळालं. बाबासाहेबांना वंदन करायला गेलात, त्यावर मी काही बोलणार नाही. पण लाखांच्या रांगेत उभं राहायला अंगात दम आहे आणि लेकीला न्यायला उमरग्यापर्यंत यायला नाही, हे गणित मला सुटत नाही. तुम्ही येणार नसाल तर आम्हीच पोचवतो. येत्या रविवारी, पंधरा तारखेला, आमचा मिलिंद सुमनला घेऊन येतोय. नवरा एस.टी.त कंडक्टर असल्याचा निदान एवढा तरी उपयोग.

भिमाबाई


उमरगा,
१७ डिसेंबर १९८५

बनाबाई धावारे यांना.

रागाच्या भरात घरात अंतर्देशीय सापडलं नाही, म्हणून कार्डावर लिहिते आहे. पोस्टमननं वाचलं तर वाचू दे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

सुमन परवा रडतच परत आली. सात महिन्यांची पोटुशी लेक आईच्या दारात उभी राहिली आणि आई अंगणाच्या पार त्या टोकाला पोत्यावर बसलेली! वर काय म्हणाली तर, “थितंच थांब गं, मला शिवू नगंस.” पाणी बापाच्या हातून दिलं. ताट लांबून सरकवलं. पोरगी विचारत राहिली, “आई, माझं काय चुकलं गं?” आणि आई तोंडावर पदर घेऊन नुसती मान हलवत राहिली.

शिवू नको! छप्पन्न साली माझे वडील नागपूरला जाऊन आले आणि आल्या दिवशी आम्हा सगळ्यांना बसवून म्हणाले, आजपासून हा शब्द आपल्या घरात नाही. मी त्या घरातली आहे. तुम्हीही तशाच घरातल्या आहात असं समजून मी सोयरीक केली. येरमाळ्याच्या देवीला काही बोलून बसलात काय? सोवळंबिवळं धरलंय काय? असेल तर स्पष्ट कळवा. सुमन आता माझ्याकडेच राहील, बाळंतपण इथल्या सरकारी दवाखान्यात होईल आणि तुम्हाला मूल झाल्याचं कार्ड येईल. तेही लांबूनच वाचा.

भि. सरवदे


ढोकी,
२४ डिसेंबर १९८५

भिमाबाई यांना बनाबाईचा जयभीम.

तुमचं कार्ड पोस्टमननं पारावर उभं राहून वाचून दाखवलं. मला वाचता येतं हे त्यांना माहीत आहे, पण अक्षर मोठं असल्यामुळं त्यांना राहवलं नाही. आता सारी ढोकी मला विचारते, येरमाळ्याला काय बोललात. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नाही. सगळं लिहिते.

मी सहा डिसेंबरसाठी मुंबईला गेले नव्हते. दवाखान्यात गेले होते. वंदन केलं, पण पुतण्यानं रांगेबाहेरून, लांबून हात जोडायला लावले. त्याआधी सोलापूरला गेले होते. तिथल्या डॉक्टरांना मी छातीचं सांगतेय आणि ते पायाचंच विचारतायत. कधी मोडला, किती दिवस प्लास्टर, पोटरी सुजली होती काय. मी म्हटलं, “डॉक्टर, पाय बरा झालाय, श्वास मोडलाय.” ते म्हणाले, दोन्ही एकच असेल. मग छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली आणि म्हणाले, फुप्फुसातल्या रक्ताच्या नळ्यांत दाब वाढलाय. मी म्हटलं, माझं ब्लडप्रेशर चांगलं आहे, सगळ्यांनी मोजलंय. तर म्हणाले, हा दाब आतला आहे, दंडाच्या पट्ट्याला त्याची खबर नसते. आता तो वाढला कशानं, हे शोधायला मुंबईला जाऊन फुप्फुसाचं अणूचं चित्र काढून घ्या.

दहा तारखेला चित्र काढलं. आधी नाकातोंडावर मुखवटा घालून कसलीशी हवा ओढायला लावली. मग दंडात सुई दिली. ते औषध शिशाच्या जाड डब्यातून आणतात, चिमट्यानं धरतात. मग एवढं मोठं यंत्र छातीशी आणून ठेवलं. मशीनवरचा माणूस आपल्या नळदुर्गचा निघाला, जैनोद्दीन. म्हणाला, “मौसी, जरा बी हलू नका, नायतर फोटूत दोन मौशी येतील.” मी हसले आणि त्याला ते चित्र पुन्हा काढावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी चित्र दाखवलं. हवेच्या चित्रात दोन्ही फुप्फुसं भरलेली होती. रक्ताच्या चित्रात जागोजागी नुसते कोपरे गायब. म्हणाल्या, हवा सगळीकडं पोचते, रक्त पोचत नाही. पायातल्या रक्ताच्या गाठी सुटून वर गेल्या आणि नळ्यांत अडकल्या, त्या दोन वर्षं तशाच आहेत. मी म्हटलं, कळलं. आमच्या गावात नळ सगळ्या आळ्यांना आहेत, पाणी अर्ध्याच आळ्यांना येतं आणि मोटार बिचारी जोर लावून लावून तापते. त्या म्हणाल्या, ती मोटार म्हणजे तुमचं हृदय. म्हणजे दमा नव्हताच, भिमाबाई. माझी छाती वाजत नाही हे तुम्हीच आधी ओळखलं होतं, फक्त त्याचा अर्थ तुम्ही आळस असा लावला.

आता शिवू नको म्हटलं त्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध अंगात आहे, आजचा दिवस लहान मूल मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईला लगटून बसू नका. आजचा दिवस! पण त्या वयानं लहान, लेकरूबाळ नसावं. बाळंतिणीला आपण सव्वा महिना जपतो. मग ज्या औषधाला शिशाचा डबा लागतो, त्याला एक दिवस कसा पुरेल? अणू म्हटलं की मला त्या बॉम्बचीच आठवण येते. म्हणून मी आपला सव्वा महिना धरला. १९ जानेवारीला मोकळी होणार. शेळी गाभण आहे, ती शेजारच्या तुळजाबाईच्या दावणीला नेऊन बांधली. कोंबडी खुडूक बसलीय, तिच्या खुराड्याकडं मी फिरकत नाही. एवढं सगळं जपलं आणि पाचव्या दिवशी सुमन दारात उभी.

तिला खरं कारण सांगावं तर आजार सांगावा लागतो. तोंडातून तोच शब्द निघाला. निघाल्यावर मलाच चटका बसला. माझ्या आजीला विहिरीच्या काठावर तो शब्द रोज ऐकायला लागायचा आणि मी तो माझ्या लेकीला ऐकवला. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दिल्यात, त्या कायमच्या घ्यायच्या. महिन्याच्या महिन्याला सोलापूरला रक्त तपासायचं. ओझं उचलायचं नाही, पाणी भरायचं नाही. जी बाई भरलेली कळशी उचलू शकत नाही, तिनं लेकीचं बाळंतपण कसं करावं? हे मला कुणाला विचारता येईना, म्हणून मी हंगाम हंगाम करत बसले. आता तुम्ही विचाराल ते सांगीन.

बनाबाई


उमरगा,
३१ डिसेंबर १९८५

बनाबाई, जयभीम.

तुमचं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग सुमनला दिलं. हो, दिलं. तिला आईचा आजार कळला तर घोर लागेल हे तुमचं म्हणणं. पण आई आपला विटाळ धरते, असं समजून ती पंधरा दिवस जेवत नव्हती. आता निदान रडत रडत का होईना, जेवते.

त्यानंतर मी आमच्या हायस्कुलात गेले. तिथले विज्ञानाचे मास्तर बसप्पा यांना तुमचं औषध समजावून सांगितलं. त्यांनी फळ्यावर गणित केलं. ते औषध दर सहा तासांना निम्मं होतं. सकाळचं दुपारी निम्मं, संध्याकाळी पाव, असं उतरत जातं. आणि लघवीवाटे जातं ते वेगळं. दहा तारखेच्या दुपारपासून पंधरा तारखेच्या दुपारपर्यंत ते वीस वेळा निम्मं झालं. म्हणजे तुम्ही पोत्यावर बसून लेकीला लांब ठेवलंत तेव्हा तुमच्या अंगात दहा लाखांतला एक भाग उरला होता. तेवढ्यासाठी शेळीला शेजारी पाठवलंत! डॉक्टरीणबाईंनी एक दिवस सांगितला तोच बरोबर होता. त्या शिकल्यात, तुम्ही वाढवून काय घेता? आजच्या आज शेळी परत आणा.

आता माझं. तुमच्या आळसाविषयी आणि सोवळ्याविषयी मी उमरग्यात अकरा घरी बोलले होते. सहसा बोलत नाही म्हणाले होते, ते तितकंसं खरं नाही. आता घरोघर जाऊन ते परत घेते आहे. सात घरं झाली, चार राहिली. त्यातल्या एका घरी दोनदा जावं लागेल.

बाळंतपण ढोकीलाच होईल. मी रजेचा अर्ज दिलाय. सुमनला घेऊन वीस जानेवारीला मी स्वतः येते. टँकरमागे मी धावेन, मला पोरांमागे धावायची सवय आहे. घर तुमचं, हात माझे. तुम्ही खाटेवर बसून हुकूम सोडायचे. सासू सुनेच्या माहेरी येऊन धुणं धुते म्हणून लोक हसतील, तर हसू देत. आपल्या लोकांवर ते कुठल्या कारणानं हसले नाहीत?

मी तुम्हाला फार लागेलसं लिहिलं. चुकले.

भिमाबाई


ढोकी,
८ जानेवारी १९८६

भिमाबाई, जयभीम.

शेळी परत आणली. ती तुळजाबाईकडं जास्त खुशीत होती.

तुम्ही येणार हे कळल्यापासून आळीत एकच विषय आहे. “पोराची आय सुनंच्या म्हायेरी कामाला येती व्हय?” असं विचारतात आणि मी म्हणते, व्हय, येती, आणि मास्तरीण आहे, तुमच्या पोरांचे पाढेपण घेईल. तेव्हापासून पोरं घरापुढून जात नाहीत.

डॉक्टरांनी पालेभाजी रोज सारखीच खायला सांगितलीय, एक दिवस ढीगभर आणि एक दिवस काहीच नाही असं चालत नाही, गोळीचं बिघडतं. म्हणजे बाळंतिणीला शेपू आणि मेथी होईल तेव्हा मला तुम्ही मोजून वाढा. एकच हट्ट आहे. बाळाची पहिली अंघोळ मी घालणार. बसून घालता येते, त्याला दम लागत नाही.

या. वाट बघते.

बनाबाई


उमरगा,
२२ एप्रिल १९८६

बनाबाई, जयभीम.

आम्ही सुखरूप पोचलो. तुमची नात अडीच महिन्यांची झाली आणि रडायला लागली की साऱ्या आळीला कळतं. तिच्या छातीत हवाही पोचते आणि रक्तही पोचतं, हे सिद्ध करायला तिला यंत्र लागत नाही. इथं माझ्या मांडीवर ती कुरकुरते. तुम्ही तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचात आणि मी तांब्यानं पाणी ओतायचे, तसं तिला हवं असतं. मी एकटी ओतू कुठं आणि धरू कुठं?

एक गोष्ट तेव्हा बोलले नाही, खरंच बोलले नाही. फेब्रुवारीत एकदा मी टँकरवर गेले असताना तुम्ही गुपचूप कळशी उचललीत. मी परत आले तर तुम्ही उंबऱ्यावर, ओठ निळे. मी हंडा तिथंच टाकला. इन्स्पेक्टर शाळेत आला तरी मी घाबरत नाही, पण त्या दिवशी घाबरले. एवढी चांगली भांडणारी बाई मला दुसरी कुठं मिळणार?

म्हणून सांगते, मे महिन्यात दुसरं चित्र काढायला बोलावलंय, तर हंगामाचं नाव काढू नका. जा. आणि तिकडून परस्पर उमरग्याला या.

भिमाबाई


घाटकोपर, मुंबई,
१३ मे १९८६

भिमाबाई यांना बनाबाईचा जयभीम.

आज दुपारी चित्र काढलं. या खेपेला मी हसले नाही, जैनोद्दीन हसला. म्हणाला, “मौसी, मागच्या टायमाला तुमी गेल्यावर मी चार दिवस लोकांना सांगत होतो, हलू नका, नायतर दोन मौशी येतील.”

दोन्ही चित्रं शेजारी ठेवून डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. काही कोपरे भरून आलेत, काही तसेच रिकामे आहेत. सगळे भरणार नाहीत म्हणाल्या. पण आतला दाब कमी झाल्यासारखा वाटतो, हृदयाचं काम हलकं झालंय, गोळ्या चुकवू नका. गोळ्या कायमच्या, सोलापूरचं रक्त कायमचं आणि घागर कायमची बंद. मी म्हटलं, घागरीला आता माझी विहीणबाई आहे.

मग मी त्यांना म्हटलं, मला एक कागद लिहून द्या. कसला? म्हटलं, नात लहान आहे, मी रविवारी तिथं पोचणार, तोवर औषध अंगातून गेलेलं असेल, असा. त्या म्हणाल्या, कागदाची गरजच नाही, उद्या सकाळपासून खुशाल घ्या. मी हटले नाही. तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘लहान मूल जवळ घेण्यास हरकत नाही.’ मी म्हटलं, असं नको, ‘यांना शिवायला हरकत नाही’ असं लिहा. त्या म्हणाल्या, “असं कुणी लिहितं का?” म्हटलं, म्हणूनच लिहा. त्यांनी हसत लिहिलं, सही केली, शिक्का मारला. जैनोद्दीननं वाचलं, तो हसला नाही. त्यानं कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

तो मी तुम्हाला एकदा दाखवणार आणि तुमच्याच चुलीत घालणार. माझ्या आजीला तो कुणी दिला नाही आणि माझ्या नातीला तो कधी लागू नये.

अहवाल शुक्रवारी मिळेल. रविवारी, अठरा तारखेला, दुपारच्या गाडीनं उमरग्याला उतरते. म्हणजे वीस वेळा निम्मं झालेलं असेल, बसप्पा मास्तरांना विचारून घ्या. पोरीला स्टँडवर आणू नका, ऊन फार असतं. मिलिंदलाही पाठवू नका. सुमनचे वडील सोबत आहेत, पण पिशवी सोडून ते काही धरणार नाहीत असं मी बजावलंय. घरापर्यंत मी माझी चालत येते.

बँकेच्या पायरीवर बसणार नाही. हापशापाशी बसणार नाही. नबीलालभाईंच्या फळीवर मात्र एकदा बसेन, नाहीतर त्यांना वाटेल मी ओळख विसरले.

बनाबाई